जपानची ‘कागा’ विनाशिका की विमानवाहू नौका? आणि जुन्या नौदलाचा वारसा म्हणजे नक्की काय उरलंय?

गंगापूररोड_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. मी सीडीएसची (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेची) तयारी करतेय. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत आमचा छोटा गट आहे. दर शनिवारी एकाने विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून घाम फोडायचा, अशी पद्धत. या शनिवारी माझ्याकडे जपानच्या विमानवाहू नौका आहेत.

आकडे जमवलेत. इझुमो २०१५ मध्ये सेवेत आली, कागा २०१७ मध्ये. दोन्हींची लांबी २४८ मीटर, पूर्ण भार घेतल्यावर वजन सुमारे २६,००० टन. आधी त्यांच्यावर फक्त हेलिकॉप्टर होती, आता सरळ खाली उतरू शकणाऱ्या एफ-३५बी लढाऊ विमानांसाठी बदल चाललेत. एक गोष्ट वाचून मी थबकले : १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत बुडालेल्या जुन्या कागाची लांबीसुद्धा जवळजवळ २४८ मीटरच होती. नाव तेच, लांबी तीच!

भांडण इथूनच सुरू झालं. गटातला एक जण म्हणतो, १९४१ मध्ये सहा विमानवाहू नौका एकत्र घेऊन अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळापर्यंत हल्ला करायला गेलेला देश आहे, त्यांना यात नवीन शिकायचं काय, त्यांच्या रक्तातच आहे ते. दुसरी म्हणते, जपान स्वतः त्यांना विमानवाहू म्हणतच नाही, मग तू विषयाला हे नाव दिलंस कसं? आणि मला स्वतःला पडलेला प्रश्न असा, की मधे इतकी वर्षं गेल्यावर त्या जुन्या नौदलाचं आजच्या नौदलात खरोखर काय उतरलंय?

पुस्तकी उत्तरं मिळतात, पण ज्यांनी यातलं काही जवळून पाहिलंय अशांकडून ऐकायचंय. नाशिकला समुद्र नाही, ओझरची सुखोई डोक्यावरून जातात तेवढंच आमचं विमानदर्शन. कुणी नौदलातलं असेल तर कृपया लिहा.

---

सिडको_वाचक

नावाचा मुद्दा आधी मिटवून टाकतो, कारण तो शनिवारी नक्की निघणार.

जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेतलं नववं कलम युद्धाचा हक्क सोडून देतं. १९५४ मध्ये जे सागरी दल उभं राहिलं ते ‘स्वसंरक्षण दल’ म्हणून. पुढे त्यांच्या सरकारने अशी भूमिका घेतली की आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं आणि हल्ल्यासाठीच्या विमानवाहू नौका जपानला ठेवता येणार नाहीत. म्हणून हयुगा, इसे, इझुमो आणि कागा या चारही नौकांची कागदोपत्री नोंद झाली ती हेलिकॉप्टरवाहू विनाशिका म्हणून. डिसेंबर २०१८ मध्ये इझुमो आणि कागावर एफ-३५बी चालवायचं ठरलं तेव्हाही वर्गवारी बदलली नाही. ही विमानं नौकेवर कायम ठेवणार नाही, गरजेपुरती उतरवू, असं सांगितलं गेलं.

तुमच्या मैत्रिणीला एवढंच सांगा की विमानं उडतात, उतरतात, खाली हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या दालनात) ठेवता येतात, आणि डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आहे. सैनिकी अभ्यासात आपण कामावरून वर्गवारी करतो. त्यात वेळ घालवू नका. वारशाचा प्रश्न जास्त मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा जाणकार लोक या मंचावर आहेत.

---

नाशिकरोड_माजी_हँडलर

ताई, तुमच्या मित्राचं ‘रक्तातच आहे’ हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

मी मूळ सिन्नर तालुक्यातला. आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर भरती झालो, आणि नोकरीतली बरीच वर्षं आपल्या विराट या विमानवाहू नौकेच्या फ्लाइट डेकवर गेली. एअरक्राफ्ट हँडलर होतो. सी हॅरियर हे लढाऊ विमान हलवायचं, नेमून दिलेल्या जागेवर लावायचं, साखळ्यांनी बांधायचं, लिफ्टवरून हँगरमध्ये न्यायचं, आणि डेकवर आग लागली तर सगळ्यात पुढे आम्ही. त्यामुळे या विषयाकडे मी जहाजाच्या लांबी-रुंदीतून बघत नाही. त्या डेकवर कोण उभं आहे, ते मी आधी बघतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. विमानवाहू नौकेची विद्या जहाजात नसते, माणसांत असते. जपानने ती एकदा परक्यांकडून शिकून घेतली, जगात सगळ्यांच्या पुढे नेली, मग चार वर्षांत ती माणसं संपवून बसला. आता तो दुसऱ्यांदा शिकतोय, आणि पुन्हा परक्यांकडूनच.

पहिली शिकवणी बघा. डिसेंबर १९२२ मध्ये होशो सेवेत आली. विमानवाहू म्हणूनच आखलेली आणि पुरी झालेली जगातली पहिली नौका ती. इंग्रजांच्या हर्मीसचं काम आधी सुरू झालं होतं, पण ती १९२४ मध्ये पुरी झाली. होशो बांधली जपान्यांनी, पण त्या काळात त्यांच्या वैमानिकांना शिकवायला १९२१ मध्ये कर्नल सेम्पिल यांच्या हाताखाली ब्रिटिश पथक जपानमधल्या कासुमिगौरा तळावर येऊन बसलं होतं. होशोवर फेब्रुवारी १९२३ मध्ये पहिलं विमान उतरवलं ते विल्यम जॉर्डन नावाच्या इंग्रज वैमानिकाने. विमान मित्सुबिशीचं, पण त्याचा आराखडा हर्बर्ट स्मिथ यांचा, तेही इंग्रजच. जपानी वैमानिक शुन्इची किरा त्यानंतर काही आठवड्यांनी उतरले.

आता दुसरी. ३ ऑक्टोबर २०२१ ला इझुमोच्या डेकवर एफ-३५बी उतरलं. १९४५ नंतर जपानी युद्धनौकेवर पहिल्यांदाच लढाऊ विमान. आत बसलेले वैमानिक अमेरिकी मरीन कोअरचे. कागाच्या चाचण्या २०२४ च्या शेवटी झाल्या, त्याही पार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे, अमेरिकी चाचणी पथकाच्या विमानांनी. यात कमीपणा नाही. शिकायचं तर ज्याला येतं त्याच्याकडे जावं लागतं, आणि जपान्यांनी दोन्ही वेळा ते मन लावून केलं. पण रक्तात असतं तर याची गरज पडली नसती.

मधल्या काळात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे.

१९४१ पर्यंत अकागी, कागा, सोर्‍यू, हिर्‍यू, शोकाकू आणि झुइकाकू अशा सहा नौका एकत्र चालवून शेकडो विमानं एका हल्ल्यात पाठवणं जगात दुसऱ्या कुणालाही जमत नव्हतं. वैमानिकांची निवड अतिशय कडक. उत्तम, पण मोजके. चीनवरच्या लढाईत मुरलेले. आणि वैमानिकांची ती तुकडी जहाजाला बांधलेली : हे जहाज, ही तुकडी.

मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातली लढाई झाली. शोकाकूला बॉम्ब लागले, झुइकाकूला ओरखडासुद्धा नाही. पण झुइकाकूच्या विमानांची आणि वैमानिकांची इतकी हानी झाली की धडधाकट नौका घरी बसली. महिन्याभरात मिडवेची लढाई आली, तिला झुइकाकू गेलीच नाही. उलट अमेरिकेची यॉर्कटाउन त्याच लढाईत जखमी झाली होती. पर्ल हार्बरच्या गोदीत तीन दिवसांत ठिगळं लावली, दुसऱ्या नौकेच्या स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) तिच्यावर चढवल्या आणि ती मिडवेला हजर. एकीकडे जहाज आहे पण माणसं नाहीत, दुसरीकडे फाटकं जहाज आहे पण माणसं इकडून तिकडे हलवायची सवय आहे. शनिवारी फक्त हा एक प्रसंग सांगितलात तरी तुमचा मुद्दा पोचेल.

मिडवेबद्दल सगळे म्हणतात की जपानचे उत्तम वैमानिक तिथे मेले. ते अर्धंच खरं आहे. ४ जून १९४२ च्या हल्ल्यांत चार नौका गेल्या, तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत विमानात बसणारे सुमारे ११०. आणि विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक? सातशेहून जास्त. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही, कारण ते कसे मेले हे मी डोळ्यांपुढे आणू शकतो. जपानी नौकांचे हँगर चारही बाजूंनी बंद असत, एकावर एक असे. त्या सकाळी आत विमानं पेट्रोलने भरलेली, टॉर्पेडो काढून बॉम्ब लाव, बॉम्ब काढून टॉर्पेडो लाव असे हुकूम दोनदा फिरलेले, उतरवलेले बॉम्ब खाली कोठारात पाठवायला वेळ नाही म्हणून कडेलाच ठेवलेले. अशा जागी एक बॉम्ब डेक फोडून आत आला की आगीला बाहेर पडायला वाट नाही आणि माणसांनाही नाही. अमेरिकी नौकांच्या हँगरच्या बाजू उघडत, पेटलेली वस्तू समुद्रात ढकलता येई. आमच्या शिकवणीत हँगरमधल्या इंधनाच्या वाफेबद्दल इतकी कडक शिस्त का होती, ते अशा घटनांमुळे.

मेकॅनिक गेले म्हणजे काय गेलं? इंजिनचा आवाज ऐकून ‘हे विमान आज पाठवू नका’ म्हणणारा माणूस गेला. तसा माणूस तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात.

उरलेले वैमानिक सॉलोमन बेटांवर संपले. रबाउलच्या जपानी तळाहून ग्वाडलकनाल बेटापर्यंत एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, लढायचं आणि तेवढंच परत यायचं. अमेरिका आपले अनुभवी वैमानिक मागे बोलावून नव्यांना शिकवायला बसवत होती. जपानने आपले शेवटपर्यंत आघाडीवर ठेवले, ते मरेपर्यंत. गावची तालीम आठवा : इमारत पडली तर वर्गणी काढून पुन्हा बांधता येते, पण वस्तादच आखाड्याबाहेर गेले तर पोरांना पकड कोण शिकवणार?

त्यानंतरचं पटकन सांगतो. १९४४ मध्ये नव्या पोरांना घेऊन ताफा फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या तावी-तावी बेटापाशी नांगरून थांबला. तिथे सरावाला धड धावपट्टी नाही, बाहेर अमेरिकी पाणबुड्या, त्यामुळे सराव बंद. जून महिन्यात फिलिपाइन समुद्रात एका दिवसात तीनशेच्या आसपास विमानं गेली. ऑक्टोबरमध्ये फिलिपाइन्सजवळच्या लेटेच्या लढाईत झुइकाकू आणि आणखी तीन विमानवाहू नौका जेमतेम शंभरेक विमानं घेऊन निव्वळ आमिष म्हणून पाठवल्या, अमेरिकी ताफा उत्तरेला ओढायला. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकी शेवटची उरलेली झुइकाकू तिथेच बुडाली. नोव्हेंबरमध्ये यामातो या युद्धनौकेच्या जोडीच्या सांगाड्यावर बांधलेली महाकाय शिनानो सेवेत आल्यावर दहा दिवसांत एका पाणबुडीने बुडवली. होशो मात्र वाचली. युद्धानंतर तिने परदेशात अडकलेली हजारो माणसं घरी आणली आणि मग १९४७ पर्यंत ती मोडीत निघाली.

म्हणजे ताई, जहाजं बुडाली हा शेवटचा अंक. विद्या त्याच्या आधीच संपली होती.

आता आजच्या कागाचं. एफ-३५बीच्या उतरण्याबद्दल मी थोडंफार बोलू शकतो, कारण सी हॅरियरही सरळ खालीच उतरायचं. विराटवर ते डाव्या बाजूने जहाजाच्या बरोबरीने यायचं, हवेत थांबायचं, मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि धप्पकन बसायचं. ते बसेपर्यंत तुम्ही वाकून, कानावर संरक्षण, डोळे बारीक करून उभे. बसलं की धावत जाऊन चाकांना चोक (अडसर), मग साखळ्या. जहाज हलतंय, डेक ओला आहे, आणि शेजारच्या विमानाच्या झोतात सापडलात तर थेट समुद्रात. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचो, नजर खाली. एखादा नट, तारेचा तुकडा, खडा दिसला की उचलायचा, कारण इंजिनने तो ओढला तर विमान गेलं. अधिकारी असो की खलाशी, सगळे त्या रांगेत.

एफ-३५बी हॅरियरपेक्षा कितीतरी जड आणि त्याचा झोत कितीतरी जास्त तापतो. मागचं नळकांडं खाली वळतं, वैमानिकाच्या मागे एक मोठा पंखा हवा खाली फेकतो. म्हणून इझुमो आणि कागाच्या डेकवर उष्णता सोसणारा थर द्यावा लागला. कागाचा पुढचा भाग आधी निमुळता होता, तो २०२४ पर्यंत चौकोनी केला, म्हणजे विमान धावत पुढे जाताना डेकवरची हवा गढूळ होत नाही आणि जागाही मिळते. इझुमोचंही तसंच होणार आहे. स्की-जंप, म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाचा वर वळलेला चढ, त्यांनी लावला नाही, अमेरिकी मरीनच्या जहाजांसारखं सपाट डेकवरून थोडं धावून उडायचं.

हे सगळं पोलादाचं काम. गोदीत दोन वर्षांत होतं. त्या रांगेत चालणारी माणसं तयार व्हायला जास्त वेळ लागणार.

---

देवळाली_इतिहास

वरच्या काकांचं लिहिणं मनापासून आवडलं. पण शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण ‘वारसा’ म्हणतो तेव्हा फक्त कौशल्याचा विचार करतोय. ज्यांच्यावर ते कौशल्य वापरलं गेलं त्यांनाही त्या वारशाबद्दल बोलायचा हक्क आहे.

जुन्या कागाने पहिली लढाई पर्ल हार्बरला केली नाही. १९३२ च्या सुरुवातीला शांघायवर तिची आणि होशोची विमानं गेली होती. इझुमो नावाची जुनी क्रूझर १९३७ मध्ये शांघायच्या नदीत जपानी ताफ्याची ध्वजनौका म्हणून उभी होती. नवी इझुमो ऑगस्ट २०१३ मध्ये पाण्यात सोडली तेव्हा चीनमध्ये संताप झाला, तो उगाच नव्हता. ही जुन्या प्रांतांची नावं आहेत, त्यात गैर काही नाही, असं जपानी म्हणतात आणि तेही खरं आहे. पण नावाबरोबर आठवण येतेच.

आणि हे सगळं दूरच्या देशात घडलं असं नाशिककरांनी समजू नये. एप्रिल १९४२ मध्ये त्या सहांपैकी पाच नौका बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी आल्या होत्या. कागा तेवढी दुरुस्तीसाठी जपानला परतली होती. ५ एप्रिलला कोलंबोवर हल्ला, ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. त्याच ९ तारखेला श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ हर्मीस बुडाली. काका म्हणाले तीच, होशोच्या आधी काम सुरू होऊन नंतर पुरी झालेली. तिच्यावर त्या दिवशी एकही विमान नव्हतं. आणि ६ एप्रिलला र्‍यूजो या छोट्या नौकेच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडावर बॉम्ब टाकले. आपल्याच देशात टाकले. मद्रास शहरातून लोक सामान घेऊन गावाकडे निघाले होते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये नवी कागा त्याच विशाखापट्टणमला आली, आपल्या नौदलाबरोबर सराव करायला, पाहुणी म्हणून. मला याचा आनंदच आहे. पण शनिवारच्या मांडणीत १९४२ चं विशाखापट्टणम आणि २०१८ चं विशाखापट्टणम दोन्ही यायला हवीत. एक गाळून दुसरं सांगू नका.

---

गंगापूररोड_अभ्यासिका

काका, सर, दोघांचे खूप आभार. विशाखापट्टणमचं मला अजिबात माहीत नव्हतं. घरी वाचून दाखवलं तर आजीही म्हणाली, शाळेत कधी ऐकलं नाही.

आता दोन शंका. एक, जपानची एफ-३५बी विमानं हवाई दलाची आहेत असं वाचलं, नौदलाची नाहीत. हे बरोबर आहे का, आणि याने फरक पडतो का? दोन, आपल्या विक्रांतशी तुलना करायला सांगितलं तर नुसते टन आणि मीटर न सांगता काय सांगू?

---

देवळाली_इतिहास

पहिल्याचं मी सांगतो, कारण याला इतिहासात जुना दाखला आहे. हो, ती विमानं त्यांच्या हवाई स्वसंरक्षण दलाची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिली काही विमानं क्यूशू बेटावर मियाझाकीजवळच्या न्यूताबारू तळावर आली. एकूण ४२ घ्यायचा बेत आहे.

इंग्रजांनी नेमकं हेच करून पाहिलं होतं. १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स स्थापन झाली आणि नौदलाची विमानं, वैमानिक सगळे तिच्याकडे गेले. नौकेची मालकी एकाची, विमानाची दुसऱ्याची. नौदलाला आपली विमानसेना पूर्णपणे परत मिळाली ती १९३९ मध्ये, युद्ध दाराशी आल्यावर. तोपर्यंत जपान आणि अमेरिका यांची नौदलाची विमानं त्यांच्या बरीच पुढे गेली होती. ज्या ब्रिटिशांनी १९२१ मध्ये जपानला शिकवलं, तेच वीस वर्षांनी मागे पडले, आणि त्यामागे हे एक मोठं कारण होतं. जपानचं आज काय होईल ते सांगता येणार नाही, पण प्रश्न विचारायला हवा.

---

नाशिकरोड_माजी_हँडलर

सरांनी विशाखापट्टणमचं लिहिलं ते फार बरं केलं. आणि हर्मीसचा विषय निघालाच आहे तर पुढचं सांगतो. बुडालेल्या हर्मीसचं नाव इंग्रजांनी पुढच्या नौकेला दिलं. ती १९५९ मध्ये सेवेत आली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ध्वजनौका होती, आणि १९८७ मध्ये आपल्याकडे आली. तीच आमची विराट. मार्च २०१७ पर्यंत तिने काम केलं.

विक्रांतच्या तुलनेचं उत्तर यातच आहे. आकडे सांगायचेच असतील तर एका दमात सांगून टाका : विक्रांत २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद, सुमारे ४५,००० टन, कोचीला बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ ला सेवेत. कागाची रुंदी ३८ मीटर. गंमत म्हणजे दोन्हींमध्ये एलएम-२५०० जातीची चार गॅस टर्बाइनं आहेत. विक्रांतवर पुढे स्की-जंप आणि उतरताना विमानाचा हुक अडकवणाऱ्या तारा आहेत. कागावर यातलं काहीच नाही, कारण तिचं विमान सरळ खाली उतरतं. विक्रांतवर मिग-२९के हे लढाऊ विमान येतं ते वेगात येतं आणि तारेवर थांबतं. दोन्हींच्या डेकवरची कामं वेगळी, शिकवणी वेगळी.

पण मुख्य फरक असा : पहिली विक्रांत मार्च १९६१ मध्ये आपल्याला मिळाली. १९७१ मध्ये तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. मग विराट, मग २०१३ मध्ये विक्रमादित्य, मग नवी विक्रांत. मधे अशी वर्षं आली की एकच नौका होती आणि तीही गोदीत. तरी साखळी तुटली नाही. मला डेकवर हाताच्या खुणा शिकवणाऱ्या पेटी ऑफिसरनी त्या जुन्या विक्रांतवर शिकल्या होत्या. मी ज्यांना शिकवल्या त्यांतले काही पुढे विक्रमादित्यवर गेले. स्क्वाड्रन ३०० ने सी हॉक, मग सी हॅरियर, मग मिग-२९के चालवली. विमानं बदलली, तुकडी तीच. जपानकडे याच्या तोडीचं काहीच उरलं नव्हतं. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगल्या गोद्या आहेत, आपल्यापेक्षा चांगलं विमान आहे, पण १९४५ मध्ये डेकवर उभा असलेला माणूस २०२१ मध्ये शिकवायला नव्हता.

तरी त्यांना हातात काहीच नव्हतं असंही समजू नका. २००९ मध्ये हयुगा आणि २०११ मध्ये इसे सेवेत आल्यापासून मोठ्या सपाट डेकवर हेलिकॉप्टर चालवायचा सराव त्यांना आहे. लिफ्ट, हँगर, बांधणं, आग विझवणं, रात्रीचं काम, हे त्यांनी तेव्हापासून पक्कं केलंय. सावकाश पायरी चढण्याची ही पद्धत मला फार आवडते. योगायोग बघा, जुन्या इसे आणि हयुगा याही अर्ध्याच विमानवाहू होत्या. मिडवेनंतर त्या युद्धनौकांचे मागचे तोफांचे मनोरे काढून तिथे विमानांसाठी डेक बसवला होता. त्यावरून लढाईत एकही विमान उडालं नाही, कारण द्यायला विमानं आणि वैमानिकच नव्हते. लेटेला त्या तशाच गेल्या.

हवाई दलाच्या वैमानिकांबद्दल सरांशी सहमत. माझा अनुभव असा की वैमानिक जहाजावर राहायला लागला, आमच्याबरोबर जेवायला लागला, त्याला डेकवरच्या पोरांची नावं माहीत झाली की त्याचं उतरणं बदलतं. तो आमच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पाहुणा म्हणून आठवड्याभरासाठी आलेला वैमानिक आधी खुणेकडे बघतो, मग स्वतः पडताळतो, आणि तेवढ्यात दोन सेकंद जातात. समुद्र खवळलेला असताना दोन सेकंद खूप असतात.

तर पुढची काही वर्षं जपानकडे बघताना मी तीन गोष्टी बघणार आहे. त्यांचे स्वतःचे वैमानिक कागावर रात्री आणि खराब हवेत किती उतरतात. हवाई दलाची ती तुकडी नौकेवर सलग किती महिने राहते. आणि डेकवरच्या शिकवणीची शाळा ते आपल्याच देशात कधी उघडतात, की दर वेळी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जातात. शनिवारी कुणी विचारलं की जपानकडे विमानवाहू नौका आहेत का, तर म्हणा नौका दोन आहेत, आणि या तीन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा.

कुणाला डेकच्या खुणा बघायच्या असतील तर गटाला घेऊन एखाद्या रविवारी जेल रोडला या. अंगणात उभं राहून दाखवतो, तोंडी सांगून त्या समजत नाहीत.